साइडल म्हणजे साइडला होणं नव्हे

इंग्लिशमधलं साइडल हे क्रियापद आपल्याकडे बोलताना फारसं कुणी वापरत नाही, गोष्टी-कादंबऱ्यांत कुठेतरी भेटतं आणि आपण संदर्भाने अर्थ लावून पान उलटतो. उच्चार आयडलसारखाच, आधी स लावायचा. ऐकलं की पटकन साइड आठवते आणि साइड हा शब्द तर आपण मराठीत केव्हाच मुरवून टाकलाय, साइड दे, साइडला हो, साइड मारून गेला, त्यामुळे साइडल म्हणजे पण बाजूला होणं, वाट करून देणं असं वाटतं. तसं अजिबात नाहीये. वाट करून द्यायला इंग्लिशमध्ये स्टेप असाइड आहे, मूव्ह ओव्हर आहे. साइडल करणारा माणूस कुणाला वाट देत नसतो, त्याला स्वतःला कुठेतरी पोचायचं असतं, फक्त तो सरळ चालत जात नाही, अंग तिरकं ठेवून, कडेकडेने, बेताबेताने जातो.

पुस्तकी वापर आधी सांगते, कारण तो सगळ्यांच्या कामाचा आहे. साइडल सहसा एकटं येत नाही, मागे काहीतरी लागतंच. साइडल अप टू म्हणजे कुणाच्या तरी जवळ हळूच सरकत येणं, साइडल पास्ट म्हणजे कुणाच्या शेजारून अंग चोरून निघणं, साइडल इनटू म्हणजे खोलीत गुपचूप शिरणं, साइडल आउट म्हणजे काढता पाय घेणं. ‘ही साइडल्ड अप टू द बॉस’ म्हटलं की तो बॉसजवळ गेला एवढाच अर्थ होत नाही, काहीतरी मागायचंय, कानात काहीतरी घालायचंय, आणि ते चारचौघांच्या लक्षात येऊ नये अशी इच्छा आहे, हे सगळं त्या एका क्रियापदात येतं. पण प्रत्येक वेळी त्यात लबाडी असतेच असं नाही. नवख्या घरी गेल्यावर लहान मूल भिंतीला घासत घासत आईपाशी येतं ना, तेही साइडलच. शब्दकोशात गुपचूप, चोरटं वगैरे दिलेलं असतं त्यामुळे आपण तेवढंच धरून बसतो. मला विचाराल तर त्या शब्दाच्या मुळाशी सावधपणा आहे. समोर काहीतरी आहे ज्याला थेट भिडायचं नाहीये, म्हणून कडेने जायचं.

जवळचे शब्द पण आहेत. एज म्हणजे इंचाइंचाने सरकणं, ते पुढे मागे कुठेही चालतं, त्यात तिरकेपणाची अट नाही. साइडस्टेप म्हणजे एकच झटपट पाऊल बाजूला, आणि प्रश्न टाळायलाही तेच वापरतात. सॅशे म्हणजे ठुमकत जाणं, ते फ्रेंच नाचातल्या शासे नावाच्या स्टेपवरून बिघडत आलं. व्हीअर आणि स्वर्व्ह ही दिशा बदलणारी क्रियापदं, गाडीवाली. साइडल मात्र हळू आणि तिरकं.

आता हा शब्द आला कुठून. इंग्लिशमध्ये आधी साइडलिंग असा शब्द होता, अर्थ आडवं, तिरकं, बाजूने. त्यातलं लिंग हे शेपूट म्हणजे क्रियापदाचं आयएनजी नव्हे, ते दिशा आणि रीत दाखवणारं जुनं शेपूट आहे, डार्कलिंग म्हणजे अंधारात, तसं. पण लोकांच्या कानाला ते वॉकिंग, टॉकिंगसारखंच वाटलं आणि साइडलिंग आहे म्हणजे मग साइडल असणारच असं धरून सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी साइडल हे क्रियापद तयार झालं. म्हणजे लेकरू आधी आणि आई नंतर! इंग्लिशमध्ये असं बऱ्याचदा झालंय, एडिटर आधी आला आणि एडिट नंतर, बर्गलर आधी आणि बर्गल नंतर, ग्रॉव्हल पण असंच ग्रॉव्हलिंगमधून निघालं. त्या जुन्या साइडलिंगचं दुसरं रूप म्हणजे साइडलाँग, आपण साइडलाँग ग्लान्स म्हणतो ते, तिरपा कटाक्ष. आणि हेडलाँगसुद्धा आधी हेडलिंग होतं.

इथपर्यंत कुठल्याही चांगल्या शब्दकोशात सापडेल. मला खरं लिहायचंय ते न्यूझीलंडमधल्या साइडलबद्दल. मी वेलिंग्टनला राहते, पुण्यात असताना सह्याद्रीत फिरायचे आणि इथे आल्यावर तारारुआच्या डोंगरात फिरायला लागले, आणि इथे हा शब्द जो भेटला तो कुणाच्या कानाशी लागायचा शब्द नव्हता, घाम काढणारा कामाचा शब्द होता. इथे डोंगरात फिरण्याला ट्रॅम्पिंग म्हणतात, हायकिंग वगैरे पाहुण्यांसाठी. तारारुआ ट्रॅम्पिंग क्लब 1919 साली निघाला, तो देशातला पहिला ट्रॅम्पिंग क्लब, म्हणजे शंभर वर्षांच्या वर झाली या लोकांची स्वतःची डोंगरभाषा घडायला. टॉप्स म्हणजे झाडीच्या वरचे उघडे माथे, स्पर म्हणजे आपली डोंगराची सोंड, सॅडल म्हणजे खिंड, ब्लफ म्हणजे कडा, स्लिप म्हणजे कोसळलेली दरड, ट्रू राइट म्हणजे नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उजवा काठ. आणि साइडल म्हणजे चढायचं नाही, उतरायचं नाही, उंची राखून उताराच्या अंगाने आडवं जायचं. क्रियापद पण तेच आणि नाम पण तेच, लाँग साइडल, नॅस्टी साइडल, साइडल ट्रॅक. काही जण तर साइडल द फेस (फेस म्हणजे डोंगराची बाजू) असं थेट कर्म लावून वापरतात, जे लंडनच्या शब्दकोशवाल्याला खटकेल.

हा अर्थ हवेतून पडलेला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जुन्या वसाहतवाल्यांच्या भाषेत डोंगराच्या उताराला आणि त्यावरून आडव्या काढलेल्या वाटेलाच साइडलिंग म्हणायचे. टास्मानियात लाँसेस्टनहून स्कॉट्सडेलला जाताना जो वळणावळणांचा घाट लागतो त्याला अजूनही द साइडलिंग म्हणतात. म्हणजे इंग्लंडमध्ये जो शब्द दिवाणखान्यात जाऊन बसला, तो इकडे बैलगाड्यांबरोबर डोंगरावर चढला.

एकदा आम्ही तारारुआच्या एका धारेवर होतो, क्लबचा छोटा ग्रुप, आणि नॉरवेस्टर सुटला होता. हा इथला वायव्येचा वारा, आणि माउंट हेक्टर जेमतेम 1529 मीटर असला तरी त्याच्या आसपासच्या माथ्यांवर हा वारा माणसाला उभं राहू देत नाही, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. आमची लीडर साठीच्या पुढची बाई, तिने हाताने थांबा केलं, दगडाच्या आडोशाला बसून नकाशा उघडला आणि सांगितलं, वुइल ड्रॉप ऑफ द रिज अँड साइडल टू द सॅडल. म्हणजे धारेवरून थोडं खाली, वारा लागणार नाही अशा बाजूला उतरायचं आणि तिथून आडवं मारत खिंडीपर्यंत जायचं.

वारा तर थांबला, पण उतार सुरू झाला. तिथलं गवत म्हणजे टसक, गुडघ्याएवढे ठोंब, आणि त्यातली पाती सगळी खालच्या बाजूला वळून पडलेली असतात, पावसाने भिजलेली, त्यावर बूट टाकला की सुळकन खाली. त्यामुळे पाय पातीवर टाकायचाच नाही, ठोंबाच्या वरच्या अंगाला, जिथे त्याचं मूळ आणि उतार यांच्यामध्ये थोडीशी जागा असते, तिथे बुटाची कड दाबून बसवायची. हाताने धरायचं तर ठोंबाच्या बुडाशी, शेंड्याला धरलं तर ते हातातून निसटतं. आणि धरायच्या आधी बघायचं, कारण मध्येच स्पीअरग्रास असतं, नावाप्रमाणे भाले, त्याची टोकं हातमोज्यातून आरपार जातात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो, तसं झुकलं की वजन पायावरून निघतं आणि तळवा खालून सुटतो. ताठ उभं राहायचं, वजन पायावर. वरच्या हातातली काठी आखूड, खालच्या हातातली लांब. लीडरबाई एवढंच सांगत होती, स्टँड अप ऑन युअर फीट, स्टँड अप ऑन युअर फीट, आणि स्वतः भाजी घ्यायला निघाल्यासारखी चालत होती.

मध्ये एक घळ लागली, वरून सुटे दगड येणारी. तिथे एकेकाने जायचं, आधीचा पलीकडे पोचून ओरडेपर्यंत पुढच्याने पाऊल टाकायचं नाही. सह्याद्रीत नाळेतून, म्हणजे उभ्या घळीतून उतरताना पण आपण हेच करतो, फक्त तिथे आपण धोंड्यांच्या बरोबरीने उभं जात असतो, इथे त्यांच्या वाटेला आडवे जातो.

यातून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आपण सह्याद्रीत ट्रॅव्हर्स मारणं म्हणतो, गावातला वाटाड्या म्हणतो आता आडवं जायचं, कडा उजव्या हाताला ठेवा. साइडल आणि ट्रॅव्हर्स एकच असं मी कुणालाही सांगितलं असतं, हालचाल एकच आहे. पण दगड वेगळा आहे आणि दगडाने सगळा फरक पडतो. आपला सह्याद्री म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, त्यात काही थर कडक, काही ठिसूळ. कडक थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार किंवा सपाटी होते. म्हणून दोन कड्यांच्या मधे डोंगराला सगळीकडून लपेटून जाणारा एक पट्टा तयार होतो, त्याला आपण पदर म्हणतो, आणि काय सुंदर शब्द आहे तो. पदरात झाडी असते, पाणी असतं, गुरं येतात, वाट मळलेली असते. मदनवरून कुलंगला जाताना कड्याखालून जो लांबच लांब ट्रॅव्हर्स आहे तो असाच, राजगडावर पद्मावती माचीवरून बालेकिल्ल्याच्या पायथ्याने सुवेळा माचीकडे जातो तेही आडवं जाणंच. ढाकच्या बहिरीला शेवटी कातळाला चिकटून दोर धरून जातो तिथे मात्र पदर वगैरे काही नाही, तिथे खालची दरी बघून भल्याभल्यांना दृष्टिभय होतं. पण एकूण हिशोब केला तर सह्याद्रीत आडवी वाट डोंगर स्वतः देतो, आपल्याला ती फक्त सापडावी लागते.

इथे तसं नाही. तारारुआचा दगड ग्रेवॅक, समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू आणि गाळ दाबून दाबून झालेला, मग पृथ्वीच्या दोन प्लेट्सच्या रेट्यात चुरगळून, मोडून वर आलेला. आडवे थर नाहीत, त्यामुळे पदर नाही. जिकडे बघाल तिकडे सोंड, घळ, सोंड, घळ, डोंगर नुसता उभ्या निऱ्यांचा. साइडल करायचं म्हणजे प्रत्येक सोंडेला वळसा आणि प्रत्येक घळीत उतरून पुन्हा वर. धारेवरून अर्ध्या तासात जाल तिथे साइडलला दीड तास लागतो आणि घोटे वेगळेच दुखतात, एक पाय सतत वर, एक पाय सतत खाली. म्हणून इथले जुने ट्रॅम्पर लोक सांगतात की शक्य असेल तोवर धार सोडू नका. धार सरळ असते, समोर दिसते, हरवत नाही. साइडल कधी करायचं तर धारेवर कातळ आडवा आला, वारा झेपेना, किंवा पुढचं शिखर चढून पुन्हा उतरण्यात नुसती शक्ती वाया जाणार असेल तेव्हा. म्हणजे साइडल ही इथे थोडीशी नाइलाजाने करायची गोष्ट आहे, आणि मला वाटतं म्हणूनच ट्रॅव्हर्ससारखा भारदस्त शब्द न चिकटता साइडल चिकटला. समोरच्या कातळाला थेट भिडायचं नाहीये, त्याच्या शेजारून अंग चोरून निघायचंय. पुस्तकातला जो सावधपणा वर म्हटला तो इथे पायात उतरलेला दिसतो.

नकाशाचं पण थोडं सांगते कारण बरेच मित्रमैत्रिणी भारतातून येतात तेव्हा मोबाइलवर नकाशा बघून वाट ठरवतात. इथले टोपो 50 नकाशे 1:50,000 चे, त्यात दोन समोच्च रेषांमधलं अंतर 20 मीटर. समोच्च रेषेला समांतर बोट फिरवलं की साइडल एकदम सोपं दिसतं, चढ शून्य, उतार शून्य. पण 20 मीटरपेक्षा कमी उंचीचा कडा दोन रेषांच्या मधे सहज लपून बसतो, आणि पंधरा मीटरचा ओला ग्रेवॅक तुम्हाला थांबवायला भरपूर झाला. याला इथे ब्लफ्ड आउट होणं म्हणतात, पुढे कडा, मागे आलेली वाट पुन्हा चढायची. दुसरं म्हणजे साइडल करताना माणूस नकळत खाली खाली घसरत जातो, प्रत्येक पाऊल थोडंसं सोयीच्या बाजूला पडतं, आणि खिंडीशी पोचायचं ते खिंडीच्या शंभर मीटर खाली निघतो. त्यावर उपाय साधा आहे, पलीकडचा एखादा ठळक दगड आधी नजरेत धरायचा आणि त्याच्या थोडं वर मारा ठेवायचा, जे नावाडी प्रवाह कापताना करतात. हिवाळ्यात तर वेगळाच विचार लागतो, वाऱ्याच्या आडोशाची बाजू बरी वाटते पण वाऱ्याने उडवलेला बर्फ नेमका तिथेच साचलेला असतो आणि हिमस्खलन तिथूनच सुटतं, त्यामुळे उन्हाळ्यातलं साइडल हिवाळ्यात जसंच्या तसं करायचं नसतं. बर्फात आइस अ‍ॅक्स नेहमी डोंगराच्या बाजूच्या हातात.

नदीच्या खोऱ्यातल्या वाटांवर पण साइडल भेटतं, तिथे ते जरा माणसाळलेलं असतं. नदी अरुंद घळईत शिरली, की काठाने जाता येत नाही, मग वाट दोनशे-तीनशे फूट वर चढते, झाडीतून पाण्याच्या बरीच वरून आडवी जाते आणि घळई संपली की परत खाली येते. झाडांवर केशरी त्रिकोण ठोकलेले असतात ते धरून जायचं. लोकांना वाटतं नदीकाठची वाट म्हणजे सपाट, आणि मग दिवसभर वरखाली करून वैतागतात. त्यात मध्येच स्लिप आलेली असते, म्हणजे वाटच्या वाट दरडीबरोबर नदीत गेलेली, मग तिच्या डोक्यावरून आणखी एक वळसा. मुळांवर पाय घसरतो, सप्लजॅकच्या काळ्या वेली पाठीवरच्या सॅकला अडकतात, पण पकडायला झाडं असतात हा केवढा मोठा आधार. सह्याद्रीत कारवी धरून घसाऱ्यावरून गेलेल्या माणसाला हा आधार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून माझा मामेभाऊ आला होता, भरपूर किल्ले केलेला गडी, त्याला ट्रॅक नोट्स वाचायला दिल्या तर त्याने पहिल्याच पानावर विचारलं, ताई, हे साइडल साइडल काय लावलंय, हे कुणाच्या मागे लपून चाललेत का? मी म्हटलं हो रे, डोंगराच्याच. त्याला लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी गवताच्या उतारावर तो माझ्यापेक्षा छान चालत होता, कारण वाळलेल्या गवतावरून मार्च महिन्यात आडवं गेलेल्याला पाय कसा ठरवायचा हे कुणी शिकवावं लागत नाही, फक्त ओल्या टसकचा भरवसा धरायचा नाही एवढं एक नवीन.

तुम्ही इकडे यायचं ठरवत असाल, ‘ते अरारोआ’चा एखादा तुकडा करणार असाल (केप रेइंगापासून ब्लफ गावापर्यंत साधारण 3000 किलोमीटरची वाट आहे ती, 2011 मध्ये सुरू झाली), तर वाटेच्या वर्णनात साइडल शब्द आला की तिथे पेन्सिलने खूण करा. साइडल्स अराउंड लिहिलं असेल तर वळसा आहे, साइडल्स अबव्ह द गॉर्ज लिहिलं असेल तर आधी चढ आहे जो त्यांनी लिहिलेला नाही असं धरून चाला, साइडल्स अक्रॉस अ स्लिप असेल तर निघायच्या आधी डिपार्टमेंट ऑफ कन्झर्वेशनच्या साइटवरची त्या ट्रॅकची ताजी सूचना वाचा, कारण पावसानंतर स्लिप वाढते आणि कालची वाट आज नसते. वेळेचा अंदाज धारेवरच्या चालीने काढू नका. आणि पोल, म्हणजे चालायच्या काठ्या, दोन घ्या, एक घेतला तर तो नेमका नको त्या हातात असतो.